हंटर विमानाखाली उभ्या असलेल्यांची साक्ष नोंदवा: सोलापूरच्या इतिहास विभागांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहास विभाग,
प्राध्यापक आणि विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

विनंती एकच आहे, ती आधी सांगून टाकते. या जिल्ह्यातून हवाई दलात गेलेली, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत विमानतळांवर राबलेली जी माणसं अजून हयात आहेत, त्यांच्या तोंडून त्यांचं काम नोंदवून घ्या. मी वैमानिकांबद्दल बोलत नाही. फिटर, रिगर, आर्मरर, इलेक्ट्रिशियन, इंधनाच्या बाउझरवरचे, अशा लोकांबद्दल बोलते आहे. १९७१ साली जो पोरगा वीस वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीला टेकलाय. १९६५ वाले तर ऐंशी ओलांडून गेले. पुढच्या शैक्षणिक वर्षात बघू, असं म्हणायला या कामात जागा नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. इतिहासाशी माझा संबंध घरापुरता. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, हंटर या लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनमध्ये आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानावरची शस्त्रं भरणारे-तपासणारे, होते आणि १९७१ च्या डिसेंबरात पठाणकोटला होते. ते आता नाहीत. त्यांनी सांगितलेलं थोडंफार माझ्याजवळ आहे, पण ते माझ्या आठवणीतून गाळून आलेलं. तुम्हाला हवी ती मूळ साक्ष, आणि ती देणारे अजून आपल्या गल्लीबोळांत बसलेत.

माजी सैनिकांचा सत्कार आपण करतोच. ७ डिसेंबरला ध्वजदिन, मग २६ जानेवारी, मग १५ ऑगस्ट. शाल, श्रीफळ, आणि हातात माइक देऊन ‘दोन शब्द बोला’. एअरमन, म्हणजे हवाई दलातला साधा सैनिक, दोन शब्दच बोलतो. ‘देशासाठी केलं’ म्हणतो आणि खाली बसतो. टाळ्या होतात, चहा होतो, माणूस रिक्षात बसून घरी जातो. त्याला कुणी विचारलेलंच नसतं की बाबा, तू सकाळी उठून नेमकं काय करायचास?

अण्णांचंही तेच. युद्धात तुम्ही काय केलंत असं शेजारच्या पोरांनी विचारलं की म्हणायचे, “आम्ही काय केलं? भरलं आन् सोडलं.” पण गन पॅक वर कसा चढवायचा, असं विचारलं की ताटातली भाकरी गार होईपर्यंत बोलत. हात हवेत, बोटांनी खिट्ट्या लावून दाखवणार. माझं सगळं म्हणणं या एका फरकात आहे: शौर्य विचाराल तर वर्तमानपत्रातलं उत्तर मिळेल, काम विचाराल तर युद्ध कळेल.

म्हणजे काय कळेल, तेही जरा सांगते. हंटरच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या ४ एडन तोफा असत. त्या चारही तोफा आणि त्यांच्या राउंडच्या पेट्या एकाच चौकटीत बसवलेल्या, तो गन पॅक. नळ्या तेवढ्या विमानातच राहायच्या. विमान हल्ला करून उतरलं की रिकामा पॅक खाली घ्यायचा, आधीच भरून ठेवलेला पॅक दोराने उचलून वर बसवायचा, नळ्या जोडायच्या, विजेची जोडणी तपासायची. तेवढ्यात दुसरे लोक इंधन भरताहेत, कुणी टायर बघतोय, कुणी पंखाखाली रॉकेट लावतोय. काही मिनिटांत विमान पुन्हा तयार. आता गणित बघा. एक तोफ मिनिटाला हजारावर राउंड झाडते आणि तिच्यामागे राउंड असतात साधारण दीडशे. म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर सात-आठ सेकंदांत सगळं संपलं. त्या सात-आठ सेकंदांसाठी खाली शस्त्रागारात माणसं तासन्‌तास बेल्ट मांडत बसायची, कारण एक राउंड कडीत जरा मागेपुढे बसला की ऐन वेळी तोफ अडकणार. अण्णा प्रत्येक राउंडवरून अंगठा फिरवायचे. ही सवय त्यांची इतकी मुरली होती की नंतर बँकेत कारकून झाल्यावर नोटांची गड्डीसुद्धा तशीच तपासायचे, आणि खिडकीपुढची रांग वैतागायची.

प्रत्येक विमानाची एक वही असते. तिला फॉर्म ७०० म्हणतात. इंजिनवाला, एअरफ्रेमवाला, आर्मामेंटवाला, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, रेडिओ, ज्याने त्याने आपलं काम तपासून तीत सही करायची. सगळ्या सह्या झाल्या की शेवटी वैमानिक सही करतो, म्हणजे विमान ताब्यात घेतो. एका कार्पोरलने ‘स्नॅग आहे’, म्हणजे बिघाड आहे, म्हणून सही अडवली की स्क्वाड्रन लीडरचं विमान जागचं हलत नाही. आपल्याकडे साहेबापुढे ‘नाही’ म्हणायची सोय किती ठिकाणी असते, तुम्हीच सांगा. तेव्हा तुमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न वरच्या बाजूला घाला: युद्धाच्या दिवसांत तुम्ही कधी सही करायला नकार दिलात का, आणि मग काय झालं?

हा फॉर्म विमानासोबत उडत नाही, जमिनीवरच राहतो. विमान परत आलं नाही तर चौकशीला कागद हवा, म्हणून. ४ डिसेंबर १९७१ ला पठाणकोटहून हंटर पेशावरच्या विमानतळावर हल्ला करायला गेली. पुढच्या दिवसांत अटकच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावरही गेली. या हल्ल्यांचं नेतृत्व करणारे विंग कमांडर सेसिल पार्कर यांना महावीर चक्र मिळालं, ते योग्यच झालं. पण पहिल्या दिवशी गेली तितकी विमानं परत आली नाहीत. जे आलं नाही त्याच्या वहीत खाली बसलेल्या सहा-सात जणांच्या सह्या होत्या, आणि त्या सगळ्यांनी रात्रभर मनात आपापलं काम पुन्हा तपासलं असणार. अण्णा यावर कधीच लांबण लावत नसत. “फॉर्म कपाटात गेला, कुलूप लागलं,” एवढंच. मी पुढे विचारलं नाही, कारण मी त्यांची मुलगी होते. तुम्ही परके आहात, तुम्हाला विचारता येईल. परक्याला माणूस कधीकधी जास्त सांगतो.

१९६५ आणि १९७१ या दोन युद्धांत जमिनीवर काय बदललं, हा तर एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचाच विषय आहे. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानं पठाणकोटवर आली आणि उघड्यावर उभी असलेली आपली दहाएक विमानं त्यांनी जाळली, त्यांत नवी कोरी मिग-२१ सुद्धा होती. दुसऱ्या दिवशी बंगालात कलाईकुंड्यालाही तसंच झालं. त्यातून धडा घेऊन विमानांसाठी जाड भिंतींचे आडोसे बांधले गेले. एअरमन त्यांना ‘पेन’ म्हणतात. विमानं एका रांगेत उभी न करता विमानतळभर विखरून ठेवायची पद्धत पक्की झाली. ३ डिसेंबर १९७१ ला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास पठाणकोटवर पुन्हा हल्ला झाला. अमृतसर, श्रीनगर, अवंतीपूर इथेही झाला. धावपट्टीवर बाँब पडले, पण विमानं पेनमध्ये सुरक्षित राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उडाली.

पुस्तकात हे दोन ओळींत येतं. जमिनीवरच्या माणसाला त्या दोन ओळींचा अर्थ वेगळा. विमानं विखुरली म्हणजे कामही विखुरलं. एका पेनपासून दुसऱ्या पेनपर्यंत अवजारं घेऊन सायकल मारायची, तीही काळोखात. टॉर्चच्या काचेला निळा कागद. नट हाताला लागतो तसा ओळखायचा. डिसेंबरातली पठाणकोटची थंडी, आणि हातावर सांडलेलं विमानाचं इंधन उडून जाताना कातडी आणखी गारठवतं. बोटांना चिरा पडायच्या आणि त्याच बोटांनी बारीक सेफ्टी वायर पिळायची. जेवण पेनपर्यंत यायचं ते गार होऊनच. झोप पॅकच्या पेटीला टेकून. आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी अवजारांची मोजदाद. एक पाना जरी कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडायचं नाही, कारण तो इंजिनच्या तोंडाशी राहिला असेल तर शत्रूची गरजच नाही.

यासाठी हवाई दलात अवजारांच्या फळ्यांवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. रिकामी आकृती दिसली की काय हरवलं ते लगेच कळतं. अण्णांनी घरीही तशी फळी केली होती. स्वयंपाकघरातलं उलथनं आणि सांडशीसुद्धा तशीच आखायचा त्यांचा बेत आईने हाणून पाडला.

सोलापूरची पोरं या कामात का गेली, हा प्रश्न तुमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. आजोबा जुन्या गिरणीत मागावर. मागाचा आवाज ऐकून कुठला भाग सैल झालाय ते सांगायचे, असं घरात सांगतात. १८७७ पासून गिरण्यांनी या शहराला भोंग्यावर उठायला शिकवलं, आणि यंत्राशी बोलायलाही. साठच्या दशकात जुनी गिरणी बंद पडली. त्याच सुमारास, १९६२ च्या युद्धानंतर, सैन्यदलांची भरती वाढली होती. गणित-विज्ञान घेऊन मॅट्रिक झालेल्या गिरणी कामगाराच्या मुलाला दोन वाटा होत्या: दुसऱ्या गिरणीत बदली कामगार म्हणून दारात उभं राहायचं, नाहीतर भरती व्हायचं. अण्णा भरती झाले आणि प्रशिक्षणाला बंगळूरजवळ जलहळ्ळीला गेले. तिथं त्यांचं बरं चाललं, कारण सोलापूरकराला कानडी घरचीच. अशी किती घरं असतील? आपल्या गिरण्यांचा इतिहास लिहिताना आपण संप, युनियन, मालक, टाळेबंदी हे सगळं लिहितो. गिरणीतून सुटलेले हात पुढे कुठं गेले, हेही त्याच इतिहासाचं पान आहे.

हवाई दलाच्या आरंभापासून हे हात आहेत. १ एप्रिल १९३३ ला कराचीला पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा ४ वापिटी विमानं होती, मूठभर वैमानिक होते आणि त्यांच्यासोबत १९ ‘हवाई सिपाही’ होते. त्या सुरुवातीच्या सिपायांतले एक हरजिंदर सिंग. १९४२ च्या फेब्रुवारीत ही स्क्वाड्रन ब्रह्मदेशात होती, तेव्हा लायसँडर या टेहळणीच्या विमानाखाली बाँब लटकवायची सोय तिथल्या तिथे करण्यात त्यांचा हात होता. पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले. त्यांचं नाव राहिलं, कारण ते वर चढले. जे कार्पोरल म्हणून गेले आणि सार्जंट होऊन गावी परतले, त्यांची नावं कुठल्या कागदात शोधायची?

कागदावर भरवसा ठेवू नका, हे सांगायला एक उदाहरण पुरे. ७ सप्टेंबर १९६५ ला आदमपूरहून मिस्टीयर विमानं सरगोध्यावर गेली. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या यांचं विमान राखीव होतं, ते आयत्या वेळी निघालं आणि परतलं नाही. शत्रूच्या कितीतरी वेगवान स्टारफायटरशी झुंजून त्यांनी ते पाडलं होतं, हे आपल्याला बऱ्याच वर्षांनी, तेही परदेशी लेखकाच्या लिखाणातून समजलं. महावीर चक्र मिळालं १९८८ साली, म्हणजे २३ वर्षांनी. वैमानिकाची ही गत. आता माझ्या डोळ्यांपुढे येतं ते राखीव विमान. ते जाणारच नाही असं धरून चालणारं, तरी पहाटेच्या अंधारात कुणीतरी ते तितक्याच काळजीने भरून, तपासून, सही करून ठेवलं होतं. त्या ‘कुणीतरी’ला शोधायला कुठलाही परदेशी लेखक येणार नाही.

भूजची गोष्ट त्यामानाने नशीबवान. १९७१ च्या युद्धात तिथली धावपट्टी बाँबहल्ल्यात उखडली, तेव्हा तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांच्या हाकेला माधापरच्या सुमारे ३०० बाया धावल्या आणि ७२ तासांत त्यांनी ती पुन्हा वापरात आणली. जमिनीवरचं काम म्हणजे युद्धच, हे त्या बायकांनी लोकांना दाखवून दिलं. पण तिथंही लोकांच्या तोंडी बाँब आणि धाडस जास्त आहे. खडी कुठून आली, कालवायला पाणी कुणी आणलं, लेकरं कुणाजवळ ठेवली, हे विचारणारे कमीच.

सोलापूरला हे नवं वाटायचं कारण नाही. बंदूक न धरता युद्धात राबलेल्या माणसाची कदर या शहराने केलेली आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ ला तिथंच गेले. त्यांच्या घराचं आपण स्मारक केलं. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आपण दरवर्षी जमतो. मी स्मारक मागत नाहीये, गैरसमज नको. पुतळा तर मुळीच नको. कोपर, गुडघे आणि काळी नखं असलेला पुतळा कुणी करणारही नाही. मला हवं ते तुमच्या ग्रंथालयात ऐकायला मिळेल असं ध्वनिमुद्रण आणि त्याची टंकलिखित प्रत.

काही गोष्टी घरातल्या माणसाला माहीत असतात, त्या कामाला येतील म्हणून लिहिते.

पदकं आधी बघा. समर सेवा स्टार असेल तर १९६५. ‘पूर्वी स्टार’ असेल तर १९७१ ची पूर्व आघाडी, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिम. पदकावर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. डिस्चार्जचं पुस्तक मागा, त्यात ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, असतो. मग प्रश्न ट्रेडप्रमाणे बदला. इंजिन फिटरला तोफांबद्दल विचारलंत तर तो शिष्टाचार म्हणून उत्तर देईल, आणि ते उत्तर बिनकामाचं असेल.

पासष्ट आणि एकाहत्तर बोलताना एकमेकांत मिसळतात. मध्येच टोकू नका. विमानाचं नाव, थंडी होती की पाऊस, लग्न झालं होतं की नव्हतं, यावरून मागाहून जुळवता येतं.

भाषेचा हट्ट नको. पूर्व भागातला माणूस तेलुगूत मोकळा होईल, अक्कलकोटकडचा कानडीत, कुणी दखनीत. इंग्रजी शब्द त्यांचे जसेच्या तसे राहू द्या. उतरलेलं विमान पुन्हा तयार करण्याला ते टर्नअराउंड म्हणतात, त्याचं ‘प्रत्यावर्तन’ वगैरे करून ठेवू नका. ‘गुपित आहे’ म्हणून कुणी अडलं तर त्यांचा मान ठेवा, पण सांगा की हंटर, नॅट, मिस्टीयर ही विमानं कधीचीच सेवेतून गेली, आता ती संग्रहालयांत उभी आहेत आणि पोरं त्यांच्याखाली फोटो काढतात. एवढ्यावर बहुतेक जण हसून सुरू होतील.

बायकांनाही विचारा, आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारा, बाहेरच्या खोलीत नवऱ्यासमोर नको. आई त्या डिसेंबरात इथं सासरी होती. आकाशवाणीच्या बातम्यांत पठाणकोटचं नाव आलं की आजी रेडिओचा कान पिरगाळून बंद करायची आणि आई शेजारच्या घरी जाऊन पुढचं ऐकायची. ‘मार्फत ५६ एपीओ’ असा पत्ता असलेलं अंतर्देशीय महिनाभराने आलं, त्यात थंडी फार आहे आणि स्वेटर पाठवा इतकंच होतं. युद्धाची बातमी घरी कशी पोचते आणि कशी अडवली जाते, हे त्या दोघींइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि एक. हे लोक नीट ऐकू शकत नाहीत. जेटच्या इंजिनाशेजारी वर्षानुवर्षं उभं राहिल्याने अनेकांचे कान गेलेत. प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्या, ओरडू नका. ओरडलं की त्यांना वाटतं तुम्ही चिडलात. दुपारी एक ते चार जाऊ नका. आणि विमानाचं छोटं मॉडेल किंवा नुसता एक मोठा फोटो सोबत न्या. बोट ठेवायला काहीतरी लागतं.

माझ्याकडे अण्णांचं डिस्चार्जचं पुस्तक, काही फोटो आणि ते अंतर्देशीय आहे. तुमच्यापैकी जो विभाग हे काम हाती घेईल त्याला मी ते स्कॅन करायला देईन, मूळ कागद परत मिळण्याच्या बोलीवर. पदकं मात्र त्यांनी नातवाला दिलेली आहेत. ती घरी येऊन बघा, नेता येणार नाहीत.

आपली,
एका आर्मामेंट फिटरची मुलगी
सोलापूर